किती वाजता खरखर होते?

आमच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्तरी येत असत. गाव धुळे जिल्ह्यातले, शिंदखेडे तालुक्यातले, घर धाब्याचे. सागाच्या कड्या, त्यांवर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, आणि भिंती इतक्या जाड की कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत जाई. अशाच एका कोनाड्यात आजोबांचा रेडिओ विराजमान झालेला असे. १९८७-८८ चा सुमार असावा. मी सहा-सात वर्षांचा होतो. रेडिओ दिवसभर सुरेख बोले आणि संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की त्याच्या पोटात कुणी वाळू ओतल्यासारखा खरखरू लागे. आजोबांनी मिस्तरींना बोलावणे धाडले.

मिस्तरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले. त्यांनी पिशवी उघडली नाही की पेचकस बाहेर काढला नाही. एवढेच विचारले, "दादा, किती वाजता खरखर होते?"

"बातम्या लागन्यात का खरखर सुरू व्हस," आजोबा म्हणाले.

"बातम्या राहू द्या. घड्याळात किती वाजता?"

आजोबांनी वेळ सांगितली. मिस्तरींनी तंबाखू मळली आणि ते नुसते बसून राहिले. दिवेलागणीच्या सुमारास गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी सुरू झाली आणि त्याच क्षणी आमच्या कोनाड्यात वाळू ओतली गेली! मिस्तरी उठले, गिरणीत गेले, तिथला स्टार्टर उघडून आतली जळकी टोके घासून पुसून आले. बातम्या पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. रेडिओला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. मजुरी त्यांनी घेतली ती गिरणीवाल्याकडून, याची आजोबांना पुढे कितीतरी दिवस मौज वाटत असे.

हा प्रसंग आठवण्याचे कारण घडले ते तीस-बत्तीस वर्षांनी. पण ते सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. विज्ञान माझे दहावीला सुटले. इतिहासाची ओढ मात्र सुटली नाही. कादंबऱ्या लिहितो त्याही जुन्या कागदांवर विसंबून. तेव्हा या विषयाकडे मी त्याच वाटेने जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

तारेचा दोष आणि बिनतारीचा दोष यांत मोठा फरक आहे. तार तुटली तर ती जिथे तुटली तिथेच तुटलेली सापडते. बिनतारीचा दोष हिंडताफिरता. आत्ता आहे, घटकेने नाही. पावसात आहे, उन्हात नाही. पाहुणे आले की आहे, मिस्तरी आला की नाही. अशा दोषाला जागा विचारून उपयोग नसतो. त्याला वेळ विचारावी लागते.

आपल्याकडे बिनतारीचा संसार एकाच दिवशी दोन ठिकाणी मांडला गेला. २३ जुलै १९२७ हा तो दिवस. त्या दिवशी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झाले आणि त्याच दिवशी पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड येथल्या केंद्रांमार्फत थेट विलायतेशी बिनतारी संदेशांची देवघेव सुरू झाली. पहिल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईचे ते यंत्र दीड किलोवॅटचे. त्याचा आवाज खात्रीने ऐकू येई तो शहराभोवती पन्नासएक किलोमीटरपर्यंत. जळगाव तिथून आगगाडीने सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे खानदेशाच्या वाट्याला त्यातले काही आले असेल तर ती खरखरच! ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यायचा, आणि त्या काळी दहा रुपये म्हणजे काही सुपारीचे खांड नव्हे. परवाने घेणारे निघाले जेमतेम काही हजार, आणि १९३० च्या मार्चमध्ये ती कंपनी बुडाली. पुढे सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ साली त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. खानदेशाला स्वतःचा आवाज मिळायला मात्र जळगावचे केंद्र निघेपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, थांबावे लागले.

मला अधिक मोह पडतो तो खडकी आणि दौंड या जोडीचा. संदेश पाठवणारे केंद्र खडकीला आणि घेणारे दौंडला, मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटरचे अंतर. एवढा उपद्व्याप कशासाठी? एकाच आवारात दोन्ही उभारली असती तर जमीन, माणसे, पैसा सारेच वाचले असते. पण ज्या जागेवरून आपण घसा फोडून ओरडतो, त्या जागी हजारो कोसांवरून येणारी कुजबुज ऐकू येणे कठीण. म्हणून तोंड एका गावी ठेवले आणि कान दुसऱ्या गावी. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे; माझ्या पुढच्या फजितीशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

आमच्या मिस्तरींचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला तो अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या एका तरुण अभियंत्याने. समुद्रापलीकडे बिनतारीने टेलिफोन करताना खरखर कुठून येते, हे शोधण्याचे काम बेल कंपनीने त्याच्यावर सोपवले होते. त्याने गाडीच्या चाकांवर फिरणारा भलामोठा एरियल उभारला आणि १९३१-३२ मध्ये महिनोन् महिने खरखरीच्या नोंदी ठेवल्या. काही खरखर जवळच्या वादळांची, काही दूरच्या. उरली ती एक मंद, अखंड सुसकारी. प्रथम वाटले, ही सूर्याबरोबर फिरते. पण नोंदी सांगत होत्या की ती रोज चार मिनिटे लवकर येते. चोवीस तासांनी नव्हे, तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी. हे वेळापत्रक सूर्याचे नाही, ताऱ्यांचे आहे! खरखर येत होती आकाशगंगेच्या मध्यातून, धनू राशीच्या दिशेने. १९३३ साली त्याने हे जाहीर केले आणि रेडिओ-खगोलशास्त्र नावाचे एक नवे शास्त्र जन्माला आले. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभी केली, ती त्याच शास्त्राची. तिच्यासाठी जागा शोधताना पाहिलेल्या गोष्टींत एक हीच होती, की इथली हवा बिनतारी गोंगाटापासून शांत आहे.

या शास्त्राच्या पंडितांचीही एकदा गिरणीने फजिती केली. ऑस्ट्रेलियात पार्क्स येथे चौसष्ट मीटरची मोठी दुर्बीण आहे. तिच्या नोंदींत १९९८ पासून अधूनमधून एक चमत्कारिक लकेर उमटे. आकाशातून येणाऱ्या लकेरींसारखीच दिसे, पण पुरती तशी नव्हे. सतरा वर्षे तिचे कोडे होते. २०१५ साली एका तरुण संशोधिकेने आणि तिच्या सोबत्यांनी ते सोडवले. लकेर येई ती दिवसा, माणसांच्या कामाच्या आणि जेवणाच्या वेळेस. दोष निघाला तिथल्या स्वयंपाकघरात! अन्न गरम करायची मायक्रोवेव्ह भट्टी बंद होण्याआधीच कुणी अधीरपणे दार उघडले, की ही लकेर सुटत असे. ताऱ्यांना जेवणाची सुट्टी नसते, हे लक्षात यायला सतरा वर्षे गेली.

आणि ही भट्टी आपल्या घरातल्या वायफायची सख्खी शेजारीण आहे. ते कसे, हे सांगतो.

आपल्या खेड्यांत गायरान असते. कुणाच्या मालकीचे नाही, पीक घ्यावे अशी जमीन नाही. ज्याला पाहिजे त्याने गुरे चारावीत. हवेतल्या लहरींचेही असेच आहे. आकाशवाणी, पोलीस, विमाने, लष्कर, सर्वांच्या लहरी सातबाऱ्यावर नोंदवल्यासारख्या वाटून दिलेल्या असतात. एक पट्टा मात्र बिनतारी बोलण्यासाठी कुणाला न देता कारखान्यांच्या भट्ट्या आणि तसल्या यंत्रांसाठी सोडून दिला होता. अन्न गरम करणारी भट्टी त्याच पट्ट्यात चालते. १९८५ साली अमेरिकेच्या सरकारने सांगितले, की या पडीक पट्ट्यात कमी ताकदीने कुणाला बोलायचे असेल तर परवान्याशिवाय खुशाल बोला. त्या गायरानात जी वस्ती वाढली तिचे पहिले नियम १९९७ साली ठरले आणि १९९९ साली तिला 'वायफाय' हे नाव मिळाले. लहर लांबीला साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरत असे. आजोबांच्या पेटीत रेडिओच्या परवान्याचे पुस्तक मी पाहिले आहे. पोस्टात जाऊन पैसे भरायचे, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. त्या देशात २००५ च्या जानेवारीत सरकारने हे गायरान परवान्यावाचून मोकळे केले. आज घरोघर जो डबा लुकलुकतो, त्यासाठी कुणी पोस्टात जात नाही. पण मोकळ्या गायरानात गर्दी झाली म्हणून तक्रार कुणाकडे करायची? सारी गुरे तिथे सारख्याच हक्काने चरतात.

आता माझी गोष्ट.

२०१९ साली आमच्या गावात केबलवाल्याने काचेच्या तारेने नेट आणले. मी घेतले ते कादंबरीच्या कामासाठी. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात वरचेवर जाणे होत नसे, म्हणून घरबसल्या जमेल तेवढे वाचावे हा हेतू. तार ओसरीपर्यंत पोचली, म्हणून डबा ओसरीवर बसला, तोही लोखंडी कपाटाच्या मागे, कारण विजेचे बटण तिथेच होते. संगणक माजघरात. मध्ये आमची ती भिंत.

मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या आणि माझ्या सातवीच्या वर्गातली चौतीस मुले आपापल्या घरी अडकली. त्यांतल्या अकरा जणांच्या घरी बरा फोन होता. त्या अकरांना मी माजघरात बसून संगणकावरून शिकवू लागलो. आणि लगेच तक्रार सुरू झाली : "सर, तुम्ही मधेच मुके होता."

मी आधी नेटवाल्याला दोष दिला. मग मिस्तरींची आठवण झाली आणि रीतसर शोध घ्यायचे ठरवले. पहिली पायरी म्हणजे डब्यापासून संगणकापर्यंत निळी तार ओढून पाहिली. तारेवर नेट झरझर चालले. याचा अर्थ, रस्त्यावरून घरापर्यंत सारे ठाकठीक आहे. बिघाड आहे तो ओसरी ते माजघर एवढ्या बारा हातांत. ही परीक्षा फार साधी आहे, पण तिच्यावाचून माणूस महिनेच्या महिने नेटवाल्याशी भांडत बसतो. तार कायमचीच ठेवावी असे मनात आले होते. पण आमच्या किलचनात उंदरांची पिढीजात वहिवाट आहे. चौथ्या दिवशी तार कुरतडलेली सापडली.

तेव्हा डबा कपाटामागून काढला. लोखंडाच्या आड बसवलेला डबा म्हणजे पातेल्याखाली ठेवलेला कंदील. त्याला उंच कोनाड्यात, दाराच्या समोर बसवला, म्हणजे लहरीला भिंत फोडत न बसता दारातून येता यावे. संगणकाच्या मागे वायफायची जी बोटभर काडी खोचलेली होती, तिच्यासाठी संगणकाची लोखंडी पेटी टेबलाखालून वर घेतली. फरक पडला. मात्र पावसाळ्यात पुन्हा कमी झाला, कारण मातीच्या भिंतीने पाणी धरले होते आणि वीतभर लांबीच्या या लहरी पाण्यात जिरतात. आजोबांच्या रेडिओच्या लहरी तीनतीनशे मीटर लांबीच्या. त्यांना आमची भिंत म्हणजे हत्तीला पायरी. भिंत तीच, कोनाडा तोच. लहर बदलली आणि घर आडवे आले. असो.

एवढे करूनही माझे मुके होणे थांबले नाही. कधी सबंध तास सुरळीत, कधी पाच मिनिटांत तीनदा तुटणे. मी कंटाळलो आणि शेवटी जे सर्वांत सोपे होते ते केले. दोष मुलांवर ढकलला. एक मुलगी आईचा फोन घेऊन तासाला बसे. सगळ्यांत अधिक तक्रार तिची. मी तिला चांगले खडसावले, "तुझ्याकडे रेंज नाही. घरात बसू नकोस, धाब्यावर जाऊन बस." दुसऱ्या दिवसापासून ती धाब्यावर बसू लागली. तिच्यामागे आभाळ दिसे. तरी मी मुका होतच राहिलो.

आज विचार केला की आश्चर्य वाटते. अकराही मुलांची तक्रार एकाच क्षणी येत असे. अकरा घरांतली रेंज एकाच क्षणी कशी जाईल? हा प्रश्न इतिहास शिकवणाऱ्या माणसाला पडू नये!

४ ऑक्टोबर २०२१ रोजी खेड्यांतल्या पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या. त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात वही आणून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक धड्याला तारीख घातलेली. आणि धड्यांत जागोजाग मोकळ्या जागा सोडलेल्या, कुठे एका शब्दाएवढी, कुठे तीन ओळींची. "सर, इथे आवाज गेला होता. इथे काय होतं?" मधल्या सुट्टीत बसून आम्ही त्या जागा भरल्या. एक जागा मात्र मलाही भरता आली नाही. तिच्या आधी थाळनेरचा किल्ला होता आणि नंतर एकदम तापीचा पूर. मध्ये मी काय बोललो, ते मला काही केल्या आठवेना.

२०२३ साली बदली झाली आणि आम्ही जळगावला बिऱ्हाड केले. इमारत नवी, भिंती पातळ. वाटले, आता सुटलो. पण इथे दुखणे दुसरे. संगणकाला आसपासच्या वायफायची यादी विचारली तर तेवीस नावे आली! धुळ्याच्या खेड्यात भिंत आडवी येत होती, जळगावच्या इमारतीत शेजार आडवा आला. या गायरानात तेरा पाट मांडलेले दिसतात खरे, पण ते इतके चिकटून मांडले आहेत की एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवू शकतात ते तिघेच : पहिला, सहावा आणि अकरावा. आमच्या इमारतीत बहुतेक जण सहाव्यावर कोंडाळे करून बसले होते. मी माझा डबा पहिल्या पाटावर नेला. नव्या डब्यांना आणखी एक वरची लहर कळते. ती पाच-सहा सेंटीमीटरची. तिथे पाट भरपूर, पण भिंतीपुढे ती लवकर दमते. माझी काडी जुनी, तिला ती भाषाच येत नव्हती.

आणि जळगावातही मी अधूनमधून मुका होतच होतो. दोष माझ्या सामानाबरोबर बिऱ्हाड बदलून आला होता!

२०२४ च्या पावसाळ्यात मी एक वही केली. नेट तुटले की वेळ लिहायची. त्याआधी दोन-चार वर्षे वेल्समधल्या ॲबरहोसन नावाच्या खेड्याची हकीकत वाचली होती. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता सबंध गावाचे नेट बसत असे. तारा बदलून झाल्या, उपयोग नाही. अखेर अभियंते पहाटे उठून, गोंगाट पकडणारे यंत्र हातात घेऊन पावसात गावभर हिंडले. बरोबर सात वाजता गोंगाट उसळला. एका घरातला जुना टेलिव्हिजन सकाळी सातला लागत होता, तो त्याचा उगम! मालकाला बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती. २०२० सालची ही गोष्ट. आमचे मिस्तरी तिथे असते तर त्यांनी ओट्यावर बसून तंबाखू मळली असती.

माझ्या वहीत तीन आठवड्यांत सदतीस नोंदी झाल्या. रात्री नऊ ते साडेदहा हा एक घोळका दिसला. ती शेजारची गर्दी, तिचा हिशेब लागला. बाकीच्या नोंदी मात्र कुठल्याही वेळेच्या. पहाटे पाचच्या, दुपारी दोनच्या. वेळेत काही संगती लागेना. दोन दिवस वही तशीच पडून होती. मग वेळेशेजारी आणखी एक रकाना आखला : त्या वेळी मी काय करत होतो? चार दिवसांत उत्तर समोर आले. प्रत्येक वेळी मी कादंबरी उतरवून ठेवत होतो, नाहीतर जुनी चित्रे काढत होतो. हे सारे मी एका बाहेरच्या डिस्कवर ठेवतो, आणि ती डिस्क संगणकाच्या मागे, वायफायच्या काडीच्या अगदी शेजारच्या खोबणीत, निळ्या जिभेच्या खोबणीत, खोचत असे.

डिस्क काढली, नेट चालू. डिस्क लावून काम सुरू केले, नेट बंद. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच. मग वाचनात आले की इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ सालीच हे छापून ठेवले आहे. या नव्या खोबण्यांतून माहिती इतक्या वेगाने धावते की तिचा गोंगाट बाहेर सांडतो, आणि तो नेमका वायफायच्या गायरानात. गोंगाट फार दूर जात नाही. पण माझी काडी दोन बोटांवर होती! खडकी आणि दौंडच्या अभियंत्यांनी १९२७ साली तोंड आणि कान यांच्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर ठेवले. मी दोन बोटेही ठेवली नव्हती. हातभर लांबीची एक तार घेतली, काडी तिच्या टोकाला लावून खिडकीशी टांगली. झाले. तेव्हापासून नोंदवहीत एकही नोंद नाही.

पण त्या रात्री मला झोप आली नाही. सातवीच्या तासांना मी किल्ल्यांची, नाण्यांची चित्रे दाखवत असे. ती सारी त्याच डिस्कवर होती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्या मुलीच्या घरी गेलो. ती आता अकरावीत, धुळ्याला शिकते. सुट्टीला आली होती. म्हटले, "तुझी सातवीची वही आहे का गं अजून?" तिने पत्र्याच्या पेटीतून काढून दिली. माझ्याजवळ त्या वर्षीची टाचणवही होती. कोणत्या दिवशी काय दाखवले ते तीत लिहिलेले असते. ओट्यावर बसून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि तारखांमागून तारखा ताडून पाहिल्या. कवितेच्या आणि व्याकरणाच्या दिवशी, म्हणजे चित्रे नव्हती त्या दिवशी, मोकळ्या जागा जवळजवळ नाहीतच. लळिंगच्या दिवशी चार. थाळनेरच्या दिवशी सात. इतके बोलके दप्तर मला आजवर कुठल्याही संशोधनात मिळाले नाही.

मी तिला सगळे सांगितले. डिस्क, काडी, दोन बोटांचे अंतर. तिने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे सर, आमच्या फोनची रेंज चांगली होती?"

"चांगली होती."

ती थोडा वेळ वहीची पाने उलटत राहिली. आतून तिची आई चहा घेऊन आली. मुलगी तिच्याकडे न पाहताच म्हणाली, "तुम्ही रेंज नाही म्हणालात ना, तेव्हा आईने दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं होतं. कापूस वेचणीच्या पैशांतून."

आईने कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या सर. थंड होईल."